सगळ्यांना म्यूट करून वंदना

रविवार, ५ एप्रिल २०२०
लॉकडाऊनमुळे विहाराला कुलूप. पण रविवारची बुद्धवंदना मी बंद पडू दिली नाही, व्हिडिओ कॉलवर आणली. एकतीस घरं जॉइन. आम्ही वाघोलीत, आई येरवड्याच्या घरी एकटी. तिलाही जोडून दिलं. वीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे ती पुढे म्हणत होती, बाकीचे मागून. सगळे मागेपुढे, त्यात कोणाचा तरी कुकर. आयटीत टीम सांभाळतो मी. असली मीटिंग पाच मिनिटं चालू देत नाही. शिस्त आणणार.

रविवार, १२ एप्रिल
सगळ्यांना म्यूट केलं. आईलाही, तिला दम लागतो, तो माइकमध्ये येतो. वंदना मी म्हटली. नऊ मिनिटांत आटोपली. एकदम क्लीन. दुपारी आईचा फोन. मागून कोणी म्हणतंय की नाही ते कळलं नाही म्हणाली. तिला आकडा सांगितला, चौतीस. होईल सवय.

रविवार, १९ एप्रिल
बावीस. नेटवर्कचा प्रॉब्लेम. आई फोनवर फारसं बोलत नाही. निकिताचं म्हणणं, आठवड्यातून एकदा तिला माणसांचे आवाज ऐकू यायचे, तेही तू बंद केलेस. माझी बायको जरा जास्तच हळवी आहे. आई शांत झालीय, एवढंच.

रविवार, ३ मे
नऊ. पण सिन्सिअर लोक. आई आलीच नाही. फोन लावला तर एंगेज, तासभर. धास्तावलो. नंतर म्हणाली, बरी आहे. पौर्णिमेला स्लाइड्स करतो, सगळे परत येतील.

गुरुवार, ७ मे. बुद्धपौर्णिमा
नऊ वाजता कॉलवर मी आणि विहारातले सर्वांत जुने संभाजीकाका. त्यांना अनम्यूट केलं. "अरे, चुकून तुझ्या लिंकवर आलो. तुझ्या आईची, गोदाबाईंची, कुठली?" एवढं विचारून गेले.
आईचा आवाज आमच्याच स्वयंपाकघरातून आला. ओट्यापाशी निकिता, पांढरी साडी, हात जोडलेले, फोन डब्याला टेकवलेला. आईला दम लागला की सगळे थांबत होते. मग मागून तीस-चाळीस घरं, कोणाचा कोणाला मेळ नाही. तीन रविवार मी तिला गप्प बसवलं होतं. फार लाज वाटली.
निकितानं सरकून जागा दिली. आईच्या मागून मी एक ओळ म्हटली. हळू आवाजात.
आई थांबली. "हा कोण नवीन?"
मी हात जोडले.
"असू दे," आई म्हणाली. "नवीन माणूस आहे. पहिल्यापासून घेऊ."