ओढ्यातली बस

एलात, ३ ऑक्टोबर १९५७

प्रिय पर्ल, शालोम.

मी खुशाल आहे आणि घराचे जमले. राहायला दोन मोडक्या गाड्या दाखवल्या: टेकडीवरची पत्र्याची बंद लॉरी आणि खाली कोरड्या ओढ्यात, काठाच्या सावलीतली बस. आपल्या लेकीच्या, नाओमीच्या दम्यासाठी खिडक्यांची बस घेतली. शेजारचा सामाजी हसला, "मास्तर, हवा खायची होती तर भायखळा का सोडलंत?"

आज दाराच्या चौकटीला मेझुझाची पवित्र डबी लावताना रंग खरवडला, तर खाली वाळलेल्या चिखलाची रेघ निघाली. कुणीतरी ती रंगाने झाकली होती. आत सगळीकडे ती माझ्या छातीइतक्या उंचीवर आहे. सामाजी म्हणतो, इथे पाऊसच नाही. जुना रहिवासी रफाएल म्हणतो, पाणी दूर डोंगरांवरून या ओढ्यात येते.

लॉरी काल दुसऱ्यांना मिळाली. बस मी नाओमीसाठी घेतली की स्वतःच्या सावलीसाठी, हे मला अजून ठरवता येत नाही.

काळजी नसावी. इथे लख्ख ऊन आहे, ढग फक्त दूर डोंगरांवर आहेत. आईंचे गुडघे कसे आहेत?

नाओमीला भिंतीशी उभी करून तिची उंची मोज. बोटीचे तिकीट काढण्याआधी ती मला कळव.

तुम्हा दोघींच्या वाटेकडे डोळे लावलेला,
नेहेमिया