सासूबाईंचा कांगा

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून कलाकार. संकल्प पक्का.
बंदरावरच्या जुन्या गोदामात आमचं कलाघर आहे. या आठवड्यात तिथे कांगे, म्हणजे बायका जोडीने नेसतात-पांघरतात ती छापील वस्त्रं, छापायला शिकवणार, शनिवारी प्रदर्शन. सासूबाई शनिवारीच पेंबा बेटावरून येताहेत. झुलेहा म्हणते, आई या खेपेलाही तुमच्यावर रुसली तर रमझानभर मला माहेरी नेईल. म्हणजे महिनाभर मी उपास सोडायचा कशावर? मला चहा करता येतो, पण तो पिववत नाही.
तेव्हा सासूबाईंना स्वहस्ते छापलेला कांगा. बोटींवर नावं रंगवण्यात माझी हयात गेली. कापड म्हणजे काय, मऊ बोटच.

३ फेब्रुवारी, मंगळवार
वर्गात सगळ्या बायका. पुरुष मी एकटा, म्हणजे कॉम्पिटिशन नाही. शिकवणाऱ्या बीबी सौमू म्हणाल्या, काठावर ओळ नसेल तर तो कांगा नव्हे, फडकं. पण ओळ जपून निवडा. बाई जे तोंडाने बोलत नाही, ते तिचा कांगा बोलतो.
माझी ओळ तयारच होती. 'सासू आली, घराचं दुखणं गेलं.' वाचून दाखवली. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. भारावल्या असणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार
बीबी सौमू म्हणाल्या, मबारूकबाबा, आधी पट्टी लावा, मग रंग लावा. मी म्हणालो, उभ्या जन्मात एक बोट मोजली नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुमच्या बोटींची नावं शेपटाकडे मुंगीएवढी होतात.
दुर्लक्ष केलं.

दुपारी
'दुखणं'पाशी कापड संपलं. नो टेन्शन. बोटीला दोन बाजू, कांग्याचीही जोडी. उरलेला शब्द दुसऱ्या तुकड्यावर छापला, मधोमध, मोठ्ठा. बीबी सौमूंनी कपाळाला हात लावला. म्हणे, अहो, ओळ दोन्ही तुकड्यांवर पुरी असते! शेजारची म्हणाली, कापडावर 'क्रमशः' आजच पाहिलं. जळतात.

७ फेब्रुवारी, शनिवार
प्लॅन असा होता: एक तुकडा सासूबाई नेसतील, दुसरा झुलेहा, आणि दोघी शेजारी उभ्या राहतील. पण झुलेहा स्टॉलवर गोड मांडाझी तळत बसली. सासूबाई पहिला तुकडा नेसून एकट्याच प्रदर्शनभर फिरल्या. ओळ पाठीमागे. 'सासू आली, घराचं दुखणं.' मागून हशा पिकत गेला. शेवटी त्यांनीच काठ ओढून वाचला. थांबल्या. मग पोट धरून हसल्या! झुलेहाला म्हणाल्या, तुझा नवरा निदान खरं तरी लिहितो.
काम फत्ते. दोघीतिघी सुनांनी ऑर्डरही दिली. पहिलाच तुकडा हवा म्हणे, दुसरा नको. लोकांना कला अर्धीच कळते.
रमझानची चिंता मिटली.

८ फेब्रुवारी, रविवार
सासूबाई सकाळच्या बोटीने परत निघाल्या, तोच तुकडा नेसून. पेंबाभर मिरवणार आहेत. सोबत झुलेहाची पेटी. मी म्हणालो, अगं, त्या तर खूष आहेत! झुलेहा म्हणाली, खूषच आहे. म्हणून इथला मुक्काम वाढवत होती, मीच म्हटलं, घराचं दुखणं तिच्या घरी घेऊन जाते, रमझान तिकडेच. तुमचा उरलेला शब्द दोरीवर वाळतोय.
असो. पुढच्या आठवड्यात कलाघरात पुरुषांसाठी स्वयंपाकाचा वर्ग आहे. मला गरज नाही. चवळी शिजवायला काय लागतं?

संध्याकाळी
चवळी करपली. पातेलं उतरवायला फडकं मिळेना. दोरीवरून दुसरा तुकडा ओढला. धुरातही स्पष्ट दिसत होतं. मधोमध, मोठ्ठं: गेलं.