म्हशीच्या पोटातले चार कप्पे

रविवार, ९ ऑक्टोबर
पाणी आणखी मागे सरलं. सातवीला प्राणिसृष्टीचा पहिला धडा घेतला. फळ्यावर पाणमांजर काढलं. कुणी पाहिलंय? एकही हात वर नाही. इराकच्या या दलदलीतल्या मुली! रस्मिया म्हणाली, "बाई, जे उरलंच नाही ते कशाला शिकवता?"


मंगळवार, ११
वर्गातल्या दोघी गेल्या. घरचे म्हशी घेऊन उत्तरेकडे निघाले. नऊ उरल्या.

गुरुवार, १३
रस्मियाच्या वडिलांची, मुतश्शरची, गाभण म्हैस मेली. खारं पाणी पिऊन, असं तो म्हणतो. भेटायला गेले आणि तिथेच तोंडातून निघून गेलं — पोट उघडून मुलींना दाखवू का? तो म्हणाला, "दाखवा बाई. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

जठराचे चारही कप्पे एकेक करून दाखवले. मुली नाकाला अबायाचा पदर लावून मागे उभ्या होत्या, मग हळूहळू पुढे सरकल्या. हातमोजे नव्हते. मी नुसत्या हातांनीच दाखवत होते. आत पुऱ्या दिवसांचं रेडकू. रस्मियाने ते दोन्ही हातांनी उचललं, तोंडावरचा चिकट पापुद्रा बोटांनी काढला.
"बाई, याला पापण्यासुद्धा आहेत."
किती वर्षांनी मुली घरी जायला तयार नव्हत्या. आज शिकवलं असं वाटलं.

रविवार, ६ नोव्हेंबर
रस्मिया आठवडाभर आलेली नाही. मैत्रीण म्हणाली, ताप येतो-जातो, सांधे दुखतात. ऐकताच तो गुरुवार आठवला. मेलेलं रेडकू, उघडे हात. गुरांकडून माणसाला लागणाऱ्या या तापाबद्दल मी स्वतः शिकलेय, त्यावर परीक्षा दिलीय. तशीच तिच्या घरी गेले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता नासिरियाला न्या, रक्त तपासा.

बुधवार, ९
तोच निघाला. गुरांपासून येणारा. दवाखान्याच्या पायरीवर मुतश्शर बसला होता.
"तुम्हाला माहीत होतं?"
"शिकले होते."
"मग?"
"त्या दिवशी लक्षात आलं नाही."
त्याने आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.
गोळ्या सहा आठवडे. तापाने पाठीचा कणाही धरलाय. नीट चालेल की नाही, डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. रस्मिया भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली. वळली नाही.

रविवार, १३
बाकीच्या मुलींचं रक्त तपासून घेतलं. कुणाला नाही. तरी त्यांच्या आयांनी पाठवणं बंद केलं. वर्गात तिघीच. खडू हातात धरला, पण फळ्याकडे वळता येईना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वफिया, पुढचा धडा तरी घे." नाही म्हटलं. काय म्हणून घेऊ?

मंगळवार, १५
मुतश्शरकडे गेले. दार उघडलं नाही. आतून रस्मियाच्या आईचा आवाज — "जा बाई."

गुरुवार, १७
तीन दिवस अंग तापतंय. आज माझ्या रक्ताचा अहवाल आला. मलाही तोच.
वाचून बरं वाटलं.