मामाची कोरी नोट

मनामा,
३ सप्टेंबर १९७८

चि. सौ. मालूस, अ. उ. आ.

तुझ्या दादावर घोर अन्याय झाला आहे. गेल्या बुधवारपासून माझा अंगठा आणि माझी जीभ यांची ताटातूट करण्यात आली आहे. गल्ल्यावर बसून नोटा मोजायच्या तर या दोघांचा संधी झाल्याशिवाय नोट सुटत नाही, हे व्याकरण मी इतकी वर्षं निष्ठेनं पाळलं. पण इथे कॉलऱ्याची साथ सुरू झाली आहे आणि आमचे दुकानमालक गनीशेठ कुठूनसं ऐकून आले की नोटांवर जंतू असतात. लगेच माझ्यासमोर वाटीत ओला स्पंज आला. पुन्हा जीभ लावलीत तर नोकरी खलास, असंही बजावून झालं. पाठशाळेत शिकलो होतो की बाजारात मांडलेला माल सदा शुद्ध. नोटांबद्दल शास्त्र गप्प आहे, आणि स्पंजाबद्दल तर अगदीच.

चिमीच्या उष्टावणाला मामा हवा, आणि मामा पडला समुद्रापलीकडे. म्हणून गेल्या महिन्यात दापोलीच्या जमालुद्दीनबरोबर एक दिनारची नोट धाडली आहे. मामाच्या पाटावर ती ठेव, मीच बसलोय असं समज. अंगठा ओला करकरून अख्ख्या गड्डीतली सर्वांत कोरी निवडली आहे. स्पंजाच्या आधीची, म्हणजे माझ्या हातची शेवटची सोवळी नोट! इतक्या वर्षांनी तुझ्या घरी पाळणा हलला, तिथे स्पंजाची नोट कशी चालेल?

लोभ आहेच. तो स्पंजाने पुसला जाण्यातला नाही.

तुझा,
रावजीदादा


आंजर्ले,
१३ सप्टेंबर १९७८

ती. दादास, सा. न. वि. वि.

उष्टावण रविवारी थाटात झालं. जमालुद्दीननं सांगितलेल्या तुझ्या निरोपाप्रमाणे पाटावर तुझी नोट, शेजारी मी खिरीची वाटी घेऊन. तुझी भाची खिरीकडे बघेल तर शपथ. झेप घेऊन तिनं नोटच उचलली आणि थेट तोंडात घातली. आधी मामा, मग खीर! सोडवेपर्यंत अर्धी चघळून झाली होती. सासूबाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, हिचा मामा गोड दिसत नाही, चांगलाच खारट असणार. नोट वाळवून देवापुढे ठेवली आहे.

तुझं स्पंजाचं पत्र काल आलं. यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा, लहानपणी मी तुझ्या पेल्यातलं पाणी प्यायले तर उष्टं म्हणून किती ओरडायचास! आणि आता गिऱ्हाइकांना उष्ट्या नोटा वाटतोस? गनीशेठना माझा नमस्कार सांग. साथीचं वाचून मात्र धस्स झालं. पाणी उकळून पीत जा.

बाकी सगळे ठीक. चिमीचं पोट दोन दिवस जरा ढिलं आहे. सासूबाई म्हणतात, दात येताहेत.

माया आहे तशी असू दे.

तुझी,
मालू


मनामा,
२२ सप्टेंबर १९७८

चि. सौ. मालूस, अ. उ. आ.

तुझं पत्र हातात पडल्याबरोबर तार केली. चिमीला डॉक्टरकडे न्या, एवढंच तिच्यात मावलं. कारण इथे लिहितो.

माझ्या खोलीतल्या शिवदासला गेल्या आठवड्यात इस्पितळात नेलं. कॉलराच निघाला. आता तो बरा आहे. पण मग आम्हा सगळ्या खोलीकरांची तपासणी झाली. मला ना जुलाब, ना उलटी, जेवतोय दोन्ही वेळ, आणि जंतू मात्र माझ्याही पोटात सापडला. असं होतं म्हणे. माणूस धडधाकट फिरतो आणि साथ वाटत राहतो. केव्हापासून, ते कुणालाच सांगता येत नाही.

मी डॉक्टरांना नोटेचं विचारलं. ते म्हणाले, हा आजार न धुतलेल्या हातातून आणि पाण्यातून जातो, जिभेला उगाच दोष देऊ नका. कोरड्या कागदावर हा जंतू फार तग धरत नाही. इतक्या दिवसांची नोट असेल तर काळजी सोडा. त्यांचं खरं असणार. ते शिकलेले आहेत, आणि मी जे शास्त्र शिकलो त्यात जंतूला धड शब्द नाही. गोळ्या घेऊन समाधानानं घरी आलो, तर दारात तुझं पत्र.

दात येताहेत म्हणून थांबू नका. पाणी उकळून द्या, मीठ-साखर घालून चमचा चमचा पाजत राहा. नोट जाळून टाक. देवापुढची आहे म्हणून कचरू नकोस, पाप मला लागू दे.

गल्ल्यावर मी सध्या बसत नाही. गनीशेठना स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच स्पंज बदलला.

मालू, पुढे थट्टा सुचत नाही. तुझ्या लेकराला पहिला घास मामानं भरवायचा असतो. मी तो कसला भरवला, या विचारानं मला भीती वाटते. पत्राची वाट पाहायला लावू नकोस. तार कर.

दादा