थर्मोकोलचा कैलास

मंगळवार, जानेवारी. संध्याकाळ.

आज परत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. ग्लोव्ह्ज ओले, बोटं बधिर, ऑफिसला उशीर. आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या सजावटीतला थर्मोकोलचा कैलास मात्र आमच्या गॅरेजमध्ये, माझ्या गाडीच्या जागेवर, मजेत उभा. खोटा बर्फ आत, खरा माझ्या काचेवर! सप्टेंबरमध्ये निखिल म्हणाला होता, "दोनच आठवडे गं." त्याची गाडी अर्थातच आत. नवरा मंडळाचा सेक्रेटरी झाला की बायकोने बर्फ खरवडायचा, असा नियम आहे का?

पण मी एवढी चिडलेय ती कैलासावर? नाही. आत्ता जेवताना अध्यक्षकाकांचा फोन आला आणि हा माझ्यासमोर म्हणाला, "काका, संक्रांतीचं सामानही आणून टाका, आमच्याकडे भरपूर जागा आहे." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमच्याकडे!

भांडले नाही. कैलासाला हात लावला नाही, देवाचा आहे तो. निखिलची गाडी बाहेर काढली, माझी आत घातली. बर्फ खरवडायचा स्क्रेपर त्याच्या सीटवर ठेवला. रात्री फ्रीझिंग रेन आहे म्हणे, काचेवर पडताच गोठणारा पाऊस. पडू दे. चांगला दणकून पडू दे.