टाकीवरचं टिंब

अप्पा, तुम्ही बंद पडलेल्या कारखान्यांतून जुने कॉम्प्रेसर आणून जिवंत करायचात, त्यातला एकच आता दुकानात उरलाय. तुमचा पहिला, दोन सिलिंडरांचा. तो बैलगाडीतून जुन्या हुबळीच्या बोळात आला तेव्हा मी सातवीत होते. आई म्हणाली, "भांडी ठेवायला जागा नाही आणि हे धूड कशाला?" दोन महिने तुम्ही व्हॉल्व्ह घासलेत, रिंगा बदलल्यात, आणि तो सुरू झाल्यावर कौतुकानं आईच्या चुलीतली राख हवेच्या नळीनं उडवून दाखवलीत. ती संध्याकाळपर्यंत घर झाडत होती.

तुमचा नियम मला पाठ आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कॉम्प्रेसरची हवेची टाकी काठोकाठ पाण्यानं भरायची, हातपंपानं दाब चढवायचा आणि पाझरते का ते बघायचं. "पाणी फुटलं तर पाय भिजतात, हवा फुटली तर माणूस जातो," म्हणायचात. टाकी टिकली की तिच्या पाटीवर पंच ठोकून एक टिंब, मगच हळदकुंकू. न टिकलेल्या टाकीला त्याच दिवशी गॅसकटरनं भोक, म्हणजे रंग फासून ती कुणी विकायला नको. कॉलेजात असताना मी शहाणपणा करून एका टाकीचं छिद्र लांबीच्या लगद्यानं बुजवलं, वर रंग दिला. केशवापूरचा गिऱ्हाईक न्यायला आला, आणि त्याच्यासमोर तुम्ही तिला वाटीएवढं भोक पाडलंत.  दोन दिवस माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाहीत. मला अजून तो चहा आठवतो.

तुम्ही गेल्यावर हा नियम माझ्याकडे आला, आणि ह्या वर्षी साफसफाई करताना तुमच्या त्या पहिल्या कॉम्प्रेसरच्या टाकीच्या पोटाखाली गंजाचा ओला ठिपका दिसला. पाणी भरलं असतं तर ती टिकली नसती, आणि तिलाही भोक पाडावं लागलं असतं. टाकी बदलता येते हो, कळतं मला. पण तुमच्या हातची एकोणतीस टिंबं त्या पाटीवर आहेत, ती पाटी टाकीच्या अंगाला डाग देऊन पक्की जोडलेली आहे, आणि तुमच्या हातचं दुसरं काही माझ्याजवळ नाही. मी लांबी भरली. रंग दिला. वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आणि पंच घेऊन ह्या वर्षीचं टिंबही ठोकलं, अप्पा. पाणी न भरता.

दुसऱ्या दिवशी टाकीत हवेबरोबर साठणारं पाणी लांबीतून पाझरलं, आणि कुंकू ओलं होऊन फरशीवर ओघळलं. मिस्त्रीनं बोट लावून बघितलं. तुमच्या हाताखाली शिकलेला तो, आता त्याचेही केस पिकलेत. "अक्का, ह्या साली पाणी भरून बघितलासा न्हवं?" मी नुसतं "हौद", म्हणजे हो, म्हणाले. खोटं कानडीत जरा सोपं जातं. त्यानं पाटीवरची टिंबं बघितली आणि निर्धास्त झाला. तेव्हापासून रोज दुपारी तो त्या उबदार टाकीला पाठ टेकून डबा खातो, आणि मी गल्ल्यावर बसून त्याचे घास मोजते. माझा डबा तसाच परत जातो. देवाला हात जोडायचीही लाज वाटते.

आज मला राहवलं नाही. तो जेवत असतानाच उठले आणि कॉक उघडून सगळी हवा सोडून दिली. म्हणाले, "मी पाणी भरलं नव्हतं. टिंब खोटं आहे." त्यानं डबा उचलला आणि दाराशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून जेवला. हात धुऊन आल्यावर एवढंच विचारलं, "मग भोक कधी पाडायचं, अक्का?"

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या पंचाच्या खणात ठेवतेय. मी त्याला सांगितलं, कटरचा गॅस संपलाय, सिलिंडर आला की पाडू.

गॅस संपलेला नाही, अप्पा.