नव्या रबरांना खोबरेल

चि. जाईस,
बाबांचा काळजीभरला आशीर्वाद.

तुम्ही सगळे मलाक्काच्या वाटेवर आहात आणि माझा जीव इथे जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये टांगणीला लागलाय. गाडी कारपार्कच्या हंपवर खडखडते म्हणून तू जपानहून सस्पेन्शनचे पार्ट मागवलेस ना? खोकं आलं तेव्हा तू ऑफिसात होतीस. त्यातली चाकांच्या सांध्यांत बसणारी रबरी बुशं मला फार कोरडी वाटली. सायकल असो की शिवणयंत्र, नव्या वस्तूला तेल दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी सगळ्या बुशांना खोबरेल चोळलं, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने तीच बुशं गाडीत बसवली.

आज शेजारच्या टॅनना कौतुकाने सांगितलं, तर ते ओरडलेच, "अंकल, रबर कॅनॉट ऑइल, लाह! फुगतं, मग फाटतं!"

फोनच करायचा, पण रुचिरराव तुझ्या शेजारी बसलेत. जावयासमोर हसं होईल म्हणून लिहायला बसलो. पण मागच्या सीटवर पोरं झोपली असतील गं. होऊ दे हसं. रुचिररावांनाच फोन लावतो आणि सांगतो, गाडी आधी बाजूला घ्या.

तुझे,
बाबा